माइकवर सांग

आम्ही गाव सोडलं त्या सकाळी धान कापणीला आला होता. "धान तं कापू द्या जी," आई सारखी म्हणत होती, पण कोणाला म्हणत होती ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. आदल्या संध्याकाळी जंगलातली बंदूकवाली माणसं आली होती. त्यांनी अख्खं गाव चौकात बसवलं, आणि त्यांच्यातल्या शिवलालनं, शेजारच्या टोलीच्या वस्तीवरच्या पोरानं, माझ्या बाबूजींना सगळ्यांदेखत पोलिसांचा खबऱ्या ठरवलं. बाबूजी गावचे कोतवाल. तहसिलीच्या कागदांसाठी देवरीला जाणं हेच त्यांचं काम, आणि पोलीस ठाणंही देवरीलाच, म्हणून तोच पुरावा झाला. सकाळपर्यंत गाव सोडा, नाही तर जीव जाईल, असा निकाल. चिचगडच्या बसपर्यंत पोचवायला, गावकऱ्यांनो, तुमच्यापैकी कोणी आलं नाही. मी तेव्हा दहावीत होते. मला तुमचा राग आला होता आणि तो अजून आहे, हे आधीच सांगते.

नागपुरात बाबूजी एका अपार्टमेंटमध्ये वॉचमन झाले. मी पुढे मॉलमध्ये बिलिंग काउंटरवर लागले. आई पाकिटातल्या तांदळाला नावं ठेवता ठेवता एका हिवाळ्यात गेली. बाबूजींचा पाय एका जागी ठरत नसे. ड्यूटी संपली तरी पार्किंगमध्ये फेऱ्या मारायचे. बसा की जरा, म्हटलं तर म्हणायचे, "गावी जाईन तवा बसीन." पण जायचे नाहीत. खबऱ्या म्हणून हाकललेला माणूस कोणत्या तोंडानं जाणार?

मग शिवलाल शरण आला, तुरुंगात राहिला, सुटला, आणि काही वर्षांनी जिल्हा परिषदेला उभा राहिला. बंदूक टाकून मत मागायला आला हे चांगलंच, असं माझ्या एका मनाला वाटायचं. दुसरं मन जळायचं. त्याच्यावरच्या खटल्यांत आमचं प्रकरण नव्हतंच, कारण भीतीपोटी आम्हीही तक्रार केली नव्हती. बाबूजींनी मात्र बॅग भरली.

"थो आता सभा घेऊन राहिला. आता त्याले पुसता येते," ते म्हणाले. "माहं नाव साफ झालं तं मी तिकडंच राहीन."

सभा त्याच चौकात होती. शिवलाल हात जोडून सगळ्यांना नमस्कार करत होता. बाबूजी उभे राहिले.

"शिवलाल, मी खबऱ्या होतो का? हो का नाई, येवढंच सांग."

"काका, पुरानी बातें छोडो ना. तवा वरून हुकूम होता."

"हुकूम कोनाचा होता थे मी नाई पुसत. मी होतो का?"

तो खाली बघून पुटपुटला, "नाई."

"माइकवर सांग. तवा साऱ्या गावाले सांगतलं होतं."

मी बाबूजींच्या शेजारी जाऊन उभी राहिले. शिवलालनं माइक घेतला. "कोतवाल काका खबऱ्या नवते. माही चूक झाली." आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या. त्याच्यासाठी! काय मोठं मन, म्हणालात. तो निवडूनही आला. पण मला त्याचा आता पूर्वीइतका राग येत नाही. त्याला विचारता आलं आणि त्याला उत्तर द्यावं लागलं.

सभेनंतर तुम्ही गावातच राहिलेल्या माझ्या काकांच्या अंगणात जमलात. चहा घेता घेता एकेक जण बाबूजींना म्हणू लागला, "आमाले तं पयलेपासूनच ठाऊक होतं, कोतवालजी." बाबूजी आधी हसत होते. मग त्यांनी अर्धा चहा तसाच खाली ठेवला. बंदुकीपुढे कोण बोलणार, हे मलाही कळतं. पण बंदुका गेल्यावर एवढ्या वर्षांत एक फोन?

राहायला आलेला माणूस दुसऱ्या सकाळी परतीच्या बसमध्ये बसला. देवरी मागे पडली. मग बाबूजी म्हणाले, "शिवलालनं तं सांगतलं वो बाई. या गाववाल्याइनं काऊन नाई सांगतलं?"

ते अजून अधूनमधून तेच विचारतात. तुमच्याकडे उत्तर असेल तर फोनवर नको, येऊन त्यांना सांगा. नागपूरला आमचं घर आहे.