घाटे साहेबांचं प्लास्टिकचं गवत

नागपूरच्या बंगल्यांमध्ये लॉन लावून द्यायचा आमचा धंदा. मी, माझा पार्टनर नामदेव आणि लागतील तसे मजूर. या धंद्यात किस्से तणासारखे येतात. आज उपटले, की उद्या चहाच्या टपरीवर परत हजर! त्यातल्या त्यात घाटे साहेबांकडचे. ते सांगताना आम्ही हसतो खरे, पण मजा येत नाही.

साहेब कोळशाच्या खाणीतून मोठ्या पोस्टवरून रिटायर झालेले. जन्मभर क्लबात गोल्फ खेळले. मग लकवा आला आणि उजवा पाय ओढत चालायची पाळी आली. क्लब सुटला. अमेरिकेतल्या मुलानं, रवीनं, ट्रंक कॉलवर सांगितलं, "बाबा, दिवाळीत येतो. घरीच खेळू." आणि बोटीनं नकली गवताचा भलामोठा रोल धाडला. बंगल्यामागे तो अंथरायचा, मधे एक भोक ठेवायचं, आणि काठीनं चेंडू हळूच ढकलून त्या भोकात पाडायचा. बस, एवढंच काम!

*

रोल लकडगंजच्या ट्रान्सपोर्टमध्ये उतरला. त्या काळी प्लास्टिकचं गवत म्हणजे हॉकीच्या बातम्यांत ऐकलेली गोष्ट. हमालांना तो मांडवातला गालिचा वाटला. त्यांनी विचारलं, "शादी किसकी है?"

साहेब खुशीत होते. आम्हाला समजावून सांगू लागले, "याला पाणी नको, खत नको, कापणी नको. वर्षानुवर्षं असंच हिरवं!"

नामदेवनं हात फिरवून पाहिला, वास घेतला आणि माझ्या कानात म्हणाला, "हे चाललं तर आपलं दुकान बंद गा! आपल्याच हातानं आपली तिरडी बांधून राहिलो आपण."

*

बंगल्यामागे बाईंची, म्हणजे साहेबांच्या बायकोची, बाग होती. बाई काटोलच्या, संत्र्याच्या बागायतदाराची लेक. मोगरा, जाई, वांगी, मिरच्या, सगळं त्यांनी स्वतः लावलेलं. ते काढायला आम्ही कुदळी घेऊन उभे, पण पहिला घाव कोणी घालेना.

बाईच म्हणाल्या, "पाहून काय राहिले? खोदा. पोरगा येऊन राहिला."

मोगरा त्यांनी स्वतः उपटला. वांग्याच्या झाडांना फुलं होती. नामदेव म्हणाला, "बाई, वांगे निघू द्या, मंग काढू."

"वांगे बाजारात भेटतात," बाई म्हणाल्या आणि आत गेल्या. त्या दिवशी आम्हाला चहा मिळाला नाही. मागायची हिंमतही झाली नाही.

*

मुरूम टाकला, धुमसानं ठोकला, पाणी मारून दाबला. साहेब खुर्चीत बसून हुकूम सोडत होते, "इकडे उचला! तिकडे दाबा!" रोल अंथरला, कडा चिकटवल्या. साहेबांनी काठी घेतली, चेंडू मारला.

चेंडू भोकाजवळून वळला आणि सरळ मोरीच्या नालीत गेला.

दुसरा मारला. नालीत. डावीकडून मारला. नालीत. पाठ करून मारला असता तरी नालीतच गेला असता!

"ढाळ चुकला तुमचा!" साहेब ओरडले. चूक आमचीच होती. पण नामदेवला गप्प कुठं राहता येतं? "साहेब, या घराचं सगळं पाणी तिकडेच जाते. चेंडूले वाटलं असन, आपणबी जाऊन पाहावं!"

साहेब हसले नाहीत. सगळं उचलून आम्ही पुन्हा केलं. चेंडू आता नालीत जाईना. भोकातही जाईना. कुठंच जाईना, मधेच थांबून राही.

*

मग नागपूरचा मे महिना. दुपारी ते गवत तव्यासारखं तापे. कडांचा गोंद पातळ झाला आणि टोकं पापडासारखी वर आली. एकदा साहेबांची रबरी चप्पल त्या गोंदात चिकटली. लकव्याचा पाय, ओढून निघेना. आम्ही टोकं दाबायला आलो तेव्हा साहेब भर उन्हात तसेच उभे!

बाई बादली घेऊन धावत आल्या आणि त्यांच्या पायावर, गवतावर पाणी ओतत सुटल्या.

"अगं, याला पाणी लागत नाही!" साहेब म्हणाले.

"तुमाले तं लागते ना!" बाई म्हणाल्या. त्या ओतत होत्या आणि रडत होत्या.

*

त्याच उन्हाळ्यात एक भाकड गाय फाटकातून शिरायला लागली. यायची, गवत हुंगायची, जीभ लावायची, साहेबांकडे पाहायची आणि निघून जायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर!

नामदेव चिडला. "काहून येते ही रोज रोज? हिले अक्कल नाही का?"

साहेब म्हणाले, "येऊ दे. तिला वाटतं, आज खरं असेल."

*

पावसाळ्यात मुरमाखालची काळी माती फुगली. गवताच्या मधोमध उंचवटा आला आणि भोकात बेडूक राहायला आला. आम्ही पुन्हा उचललं, पुन्हा दाबलं. दिवाळीच्या आधी सगळं एकदाचं सपाट झालं. साहेबांनी पांढरा पँट-शर्ट इस्त्री करून ठेवला. बाईंनी अनारसे केले.

दिवाळीच्या तोंडावर रवीचा फोन आला. बाईंनी घेतला. रजा नाही, पुढच्या वर्षी पाहू, एवढंच.

बाईंनी आत जाऊन साहेबांना सांगितलं. साहेबांनी विचारलं, "गवताबद्दल काही विचारलं का त्यानं?"

*

आणि हा शेवटचा. थंडीत एका सकाळी कडा चिकटवायला आम्ही गेलो. साहेब पांढरे कपडे घालून गवताशेजारी बसले होते. मधल्या दिवसांत ते फार खंगले होते. बोलणंही जड झालं होतं. आम्हाला पाहून त्यांनी काठी उचलली आणि नामदेवपुढे धरली.

"मार."

नामदेवनं जन्मात गोल्फची काठी धरली नव्हती. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग दाराशी उभ्या बाईंकडे पाहिलं. नामदेव वाकला आणि झाडू मारावा तसा चेंडू ढकलला.

चेंडू लांबवर घरंगळत गेला आणि भोकात पडला. टप्प!

आम्ही ओरडणारच होतो. पण साहेब नामदेवकडे एकटक पाहत होते.

"रवी," ते म्हणाले, "पाठ इतकी वाकवायची नाही."

नामदेवनं पाठ सरळ केली.

"बरं, बाबा," तो म्हणाला.