मापासाठी उभी केलेली बाई

"अरे, ती मापासाठी उभी केलेली बाई आहे. भिंत किती उंच ते समजावं म्हणून. तिच्याकडं काय पाहता? भिंतीकडं पाहा."

सर असं बोलले आन सगळे पोट्टे फिसकन हासले. कलकत्त्याच्या लायब्ररीत. देशातली सगळ्यात मोठी लायब्ररी, पहिले लाटसाहेबाचा बंगला होता म्हणे. मी टेबलाच्या टोकाले उभी होती. पुस्तकातल्या फोटोतली बाई माही माय होती.

थांबा, नीट सांगते. आमचं गाव आसगावच्या बाजूले. मी तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.ले. मागच्या हिवाळ्यात इतिहासाचे सर आमची सहल घेऊन गेले. सर आमच्याच गावचे, मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या घरचे. माय त्यांच्याच धानाच्या बांधीत रोवना करे, म्हणजे रोपं लावे, मंग धान कापे. मी चार-पाच वर्षांची होती तवा त्यांच्या टेकाडावर सरकारी खोदकाम झालं. जुनी भिंत निघाली. माय तिथं माती वाहे.

त्या खोदकामाचं जाडं इंग्रजी पुस्तक सरनं पहिलेच कळवून काढून ठेवायले लावलं होतं. आमच्याकडं ते कोनापाशीच नाही. सरनं पहिलं पान उघडलं.

"हे पाहा, आमच्या बाबांचं नाव. जागा दिली म्हणून आभार मानलेत."

मले तं अभिमानच वाटला, खरं सांगते! आपलं गाव एवढ्या लांब, एवढ्या मोठ्या घरात!

मंग फोटोचं पान आलं.

माय. लुगडं गुडघ्याच्या वर खोचलेलं. डोक्यावर घमेलं. ताठ उभी. आज मी जेवढी हावो, तेवढीच असन तवा. खाली इंग्रजीत एक ओळ. भिंत कोनत्या काळातली, विटा कशा, उंची किती. मायचं नाव नाही.

मले लाज वाटली. कानशिलं तापले. पहिले मायच्या उघड्या पायांचीच वाटली. वाटे, सरनं लवकर पान पलटवावं.

"सर, बाई भिंतीहून बुटकी हाये!" एक पोट्टा बोलला.

सर हासले, मंग ते मापाचं बोलले. आन सर तिले ओळखत होते! माय त्यांच्याच अंगणात रोज येते. "अनुसया, गाईले पानी दाखव" म्हणून सरनंच कितीदा हाक मारली. ओळखून हासले सर. तवा मायच्या पायांची लाज वाटनं गेलं. माहीच वाटली, का मी चूप उभी हावो.

"सर, ते माही माय होय."

जोरात निघालं तोंडातून. वाचत बसलेले सारे मान वर करून पाहू लागले. काउंटरवरच्या माणसानं ओठावर बोट ठेवलं.

"हळू बोल," सर म्हणे.

"अनुसयाबाई नाव हाये तिचं. तुमाले मालूम हाये."

सर मले बाहेर पायऱ्यांवर घेऊन गेले. तिथं त्यांची पुस्तकी भाषा गेली, गावची आली.

"तमाशा करून राहिली काय वं? चाल, माफी माग सगळ्यांसमोर. नाही तं मायले सांगजो, आता रोवन्याले येऊ नको."

रोवना गेला तं पावसाळाभर खायचं काय?

"सांगतो," मी बोलली. 'सांगते' नाही, पोट्ट्यासारखं 'सांगतो' निघालं तोंडातून. माफी नाही मागितली. येताना गाडीत माह्याजवळ कोनी बसलं नाही.

घरी मायले सगळं सांगितलं. वाटलं, आता शिव्या देते.

"फोटोवाला मले म्हणे, हालू नको," माय बोलली. "घमेलं भरेल होतं वं. मान मोडून गेली माही. पन हालली नाही मी." मंग हळूच म्हणते, "चेहरा दिसते काय माहा?"

"दिसते."

"मंग नाव काहून नाही लिहिलं?"

मी हातातली भाकर खाली ठेवली.

खरंच, रोवन्याले बोलावणं आलं नाही. माय आता पायी आसगावले जाते, दुसऱ्याच्या बांधीत. संध्याकाळी पाय सुजून येतात. मले पाहावत नाही. सर अजून निरोप पाठवतात, पोरीनं माफी मागितली तं मायले परत घेऊ. मायले विचारलं.

"मागशीन तं माह्या घरात येऊ नको," ते बोलली.

नाही मागत. एम.ए.ले पुरातत्त्वाचा विषय घेईन. खोदकाम शिकीन. माह्या खोदकामात जे बाई माती वाहीन, तिचं नाव मी फोटोखाली पहिले लिहीन. भिंतीची उंची त्याच्या मागून.