चकलीच्या चकतीवरचं गाणं

दामलेकाका ती तबकडी गरम भाकरी उचलावी तशी उचलायचे, फक्त कडांना बोटं लावून. बशीएवढी लहान, काळी, आणि मधे भलं मोठं भोक. रोज फडक्याने पुसायची आणि पाकिटात ठेवायची. कतारमध्ये अल मुंतझा भागात त्यांच्या घरी मी स्वयंपाकाला जायचे, पण ती वाजताना कधी ऐकली नव्हती.

"भोकात बसवायची चकती हरवली. मिळेल, इन्शाल्ला," काका म्हणायचे.

"आमचं लग्नही यांनी असंच इन्शाल्लावर ठेवलं होतं," काकू म्हणायच्या.

तेल कंपनीतला त्यांचा अमेरिकन मित्र जिम कतार सोडताना ती तबकडी देऊन गेला होता. त्याच्या बायकोने तरुणपणी गायलेलं, गिटारवरचं, तिकडच्या गावाकडचं गाणं. तिची एवढी एकच तबकडी निघाली, तीही फारशी कुणी घेतली नाही.

वर्ल्डकप जवळ आला. घरमालकाला फ्लॅट पाहुण्यांसाठी हवा होता, म्हणून काका-काकू नाशिकला परत निघाले. त्याच सुमारास जिमचा फोन आला. बायको वारली होती, आणि तिचा आवाज त्याच्याकडे कुठेच नव्हता. काकांकडे ती तबकडी अजून आहे का, विचारत होता.

काका तडक स्वयंपाकघरात आले. आम्ही शेजाऱ्यांसाठी चकल्या करत होतो. त्यांनी सोऱ्या उघडला.

"अहो, पीठ भरलंय त्यात."

"यल्ला, चल लवकर, चकती दे."

चकती धुऊन भोकात बसवली, तर जरा ढिली. मी कडेने कणकेची वळी लावली.

"सुमन बोलत नाही तेच बरं," काका माझ्याकडे बघून म्हणाले, "नाहीतर हीसुद्धा नको म्हणाली असती."

जिमला फोन लावून तबकडी रेकॉर्ड प्लेअरवर ठेवली आणि सुई टेकवली. जाड, रडका, पुरुषी आवाज आला.

"ही बाई आहे?" काकूंनी विचारलं. काकांचं तोंड उतरलं.

फोनमध्ये जिम मात्र हसत सुटला. "सर्दी झाली तरी ती अशी गायची नाही म्हणतोय," काकांनी आम्हाला सांगितलं. "ही पंचेचाळीसच्या वेगावर फिरवायची असते." त्यांनी वेगाचं बटण सरकवलं.

आणि एकदम बाईचा आवाज आला, उड्या मारत. शब्द मला कळले नाहीत. काकू पिठाच्या हाताने ओट्यावर ताल धरायला लागल्या. जिमही गात होता, बेसूर. काका दोन्ही हातांनी फोन धरून उभे राहिले. गाणं संपल्यावर एवढंच म्हणाले, "परत लावू?" सोऱ्यातलं पीठ वाळून गेलं.

जाताना काकूंनी सोऱ्या मला दिला. चकती मात्र काकांनी तबकडीतून काढू दिली नाही. "फोनवर ऐकायला जिमला लागते," म्हणाले.

दिवाळीला मी शेव करते. चकली का नाही, असं मुलाने विचारलं की सांगते, तिची चकती नाशिकला गाण्यात आहे.