आपोआप नीट होणारी लोकर

कल्पना करा, तुमच्यासमोर पहिलीची पोरं बसली आहेत आणि प्रत्येकाच्या हातात लोकरीचा गुंडा आहे. बोटांवर लोकरीचे फेरे घालायचे, वर धागा आडवा ठेवायचा आणि खालचा फेरा उचलून बोटामागे टाकायचा. झाला टाका. आता हेच शिकवा, एकाचा गुंडा बाकाखाली पळालेला असताना आणि एकीने स्वतःला शेजारणीशी बांधून घेतलेलं असताना!

लोकरबाई हे जीव ओतून शिकवत. हे नाव पोरांनीच पाडलेलं. त्यांची उमेदीची वर्षं स्वेटरच्या कारखान्यात गेली. तिथे एक टाका सुटला तरी माल परत यायचा आणि चारचौघांत उद्धार व्हायचा. पुढे कारखाना बंद पडला, नवऱ्याने अंथरूण धरलं आणि शाळेतला हा तास तेवढा घराला आधार उरला.

सवय मात्र कारखान्याचीच राहिली. सुटलेला टाका दिसला की त्यांचे हात शिवशिवत. पोरांनी बिघडवलेल्या पट्ट्या त्या संध्याकाळी घरी आणत, उसवून नीट विणत आणि सकाळी ज्याच्या त्याच्या बाकावर ठेवून देत.

"वहिनी, शाळेत पोरं शिकतात की तुम्हीच?" नणंद चिडवायची.

"अगं, लहान आहेत. बिघडलेलं बघून हिरमुसतात."

मग एक दिवस मुख्याध्यापक बाईंनी त्यांना बोलावलं. "पालक संगणकाचा तास मागतायत. शुक्रवारी मी वर्गात येते. मुलांना खरंच विणता येत असेल, तर तुमचा तास ठेवते. नाहीतर माझाही नाइलाज आहे."

शुक्रवारी भिंतीवर पट्ट्या टांगल्या होत्या, एकीतही खोट सापडणार नाही अशा. मुख्याध्यापक बाई खूश झाल्या. पुढच्याच बाकावर वर्गातली चिमणी बसली होती. अखंड चिवचिव करणारी, म्हणून चिमणी. "विणून दाखव बघू," त्या तिला म्हणाल्या.

चिमणीने ऐटीत फेरे घातले. तिसऱ्या बोटावरचा टाका निसटला, त्यामागून दुसरा, आणि हातात नुसता गुंता राहिला. लोकरबाई मनातल्या मनात ओरडत होत्या, उचल गं बाळा, खालून बोट घाल, उचल! पण चिमणीने गुंता खुशाल बाकावर ठेवला.

"अगं, सुटलेलं उचलायचं नाही का?" मुख्याध्यापक बाईंनी विचारलं.

"नाही बाई. ठेवून द्यायचं. उद्या आपोआप नीट होतं."

"आपोआप?"

"हो, माझंपण होतं!" मागून एक ओरडला. "माझंपण!" सगळ्या वर्गाने साक्ष दिली.

मुख्याध्यापक बाईंनी भिंतीकडे पाहिलं, मग लोकरबाईंकडे. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. "पुढच्या महिन्यापासून संगणक," त्या हळूच म्हणाल्या आणि गेल्या.

वर्ग रिकामा झाला. आता घरी काय तोंड दाखवायचं, नवऱ्याच्या औषधाचं काय, लोकरबाईंना काही सुचेना. चिमणीचा गुंता त्यांनी हातात घेतला. बोट आपसूक सुटलेल्या टाक्याखाली गेलं आणि तिथेच थबकलं.

पहिल्या दिवशी याच पोरीने विचारलं होतं, "बाई, चुकलं तर काय करायचं?" आणि त्या म्हणाल्या होत्या, "माझ्याकडे दे."

दिलं नसतं, तर आज तिला तो टाका उचलता आला असता का?