रॉडला पाणी

ईट गावाच्या अलीकडं रस्ता सोडून आत वळलं की शेतातच आमची वस्ती आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई नव्हत्या, म्हणून घरातली कामं सासऱ्यांनीच समजावून दिली. प्यायचं पाणी कुठून आणायचं, सरपण कुठं रचायचं, म्हैस कुणाला दूध देते आणि कुणाला लाथ. सगळं झाल्यावर त्यांनी मला मागच्या अंगणात नेलं आणि धुण्याच्या दगडाजवळ जमिनीत ठोकलेला एक लोखंडी रॉड दाखवला. "सूनबाई, सांजच्याला ह्याला एक बादली घालत जा. मग लाईट बरी ऱ्हाती," ते म्हणाले.

मला वाटलं नव्या सुनेची थट्टा चाललीय. पण थट्टा नव्हती. खांबावरून घराला दोन तारा येतात. एकीनं वीज येते, दुसरीनं परत जाते. आमची परत जाणारी तार मी यायच्या कितीतरी आधी वादळात तुटली होती. अर्ज झाले, चकरा झाल्या, मग कुणाला तरी सुचलं आणि सासऱ्यांनी रॉड ठोकला. घरात आलेली वीज त्या रॉडातून जमिनीत जायची आणि दिवे लागायचे. वस्तीवरच्या बऱ्याच घरांची तीच तऱ्हा होती. जमीन ओली असली की सगळं ठीक. उन्हाळ्यात माती वाळली की बल्ब पिवळा पडायचा, पंखा रेंगाळायचा. मग बादली ओतायची आणि घरात वळून बघायचं, बल्ब उजळलेला असायचा. सुरुवातीला मला त्याचं कौतुक वाटायचं. पुढं ते भांडी घासण्यासारखं झालं. माझ्याशिवाय घरात कुणी ते केलं नाही, आणि केलं पाहिजे असं कुणाला वाटलंही नाही.

माझे दीर तेव्हा शाळेत होते. सकाळी त्यांचा डबा मीच भरायची. ते मला वैनी म्हणायचे आणि परीक्षेच्या दिवशी माझ्या पाया पडून जायचे. मी त्यांना भावजी म्हणायचे, अहोजाहो करायचे, पण खरं सांगायचं तर मी त्यांना लेकरासारखं वाढवलं. मोठे झाले, पुण्याला कंपनीत लागले. मग कंपनी बंद पडली आणि ते परत आले ते एक बॅग आणि टॉवेलात गुंडाळलेला खेळाचा डबा घेऊन. टीव्हीला जोडायचा, हातात रिमोटसारखं धरायचं आणि गाड्या पळवायच्या. कुणाकडून तरी जुना घेतला होता. माझी लेक तेव्हा दुसरीत होती. तिनं तो डबा बघितला आणि काकाचा पिच्छा सोडायची नाही.

गेम मात्र एकच होता. बाकीचे घ्यायचे तर महाग, आणि भावजींना सगळेच हवे होते. डब्याला कंपनीनं आतून कुलूप घातलेलं असतं, ते उघडलं की काय वाट्टेल ते खेळता येतं, असं त्यांनी मला समजावलं. ते कसं उघडायचं ते मोबाईलवर एक माणूस शिकवायचा. त्याचं तोंड कधी दिसायचं नाही, नुसते हात दिसायचे. बोलायचा मात्र आपल्या मराठीत, आणि भावजींचा विश्वास बसायला तेवढं पुरलं. प्रत्येक व्हिडिओच्या सुरुवातीला तो म्हणायचा, "जे काय कराल ते स्वतःच्या जबाबदारीवर करा, मित्रांनो." मी चपात्या लाटता लाटता ते इतक्यांदा ऐकलं की लेक त्याची नक्कल करायला लागली. मला तेव्हाच ते वाक्य खटकायचं. करून दाखवणारा तू, आणि जबाबदारी घ्यायला आम्ही का?

डबा उघडताना त्याचा वीज घेणारा भाग जळाला. दुसरा मिळेना. मग त्याच माणसाचा दुसरा व्हिडिओ सापडला: जुन्या कॉम्प्युटरच्या पेटीतला भाग काढायचा, तारा अशा अशा जोडायच्या, झालं. भावजींनी परंड्याहून एक बंद पडलेली पेटी आणली. तारा जोडल्या, पण तो पत्र्याचा भाग मूळ डब्यात मावेना. मग झाकण काढूनच टाकलं. टीव्हीखाली फळीवर एक उघडा लोखंडी सांगाडा बसला, आतून पंखा गुरगुरायचा. चालू करायचं बटण त्या लोखंडालाच लावलं होतं. गाड्या पळायला लागल्या तेव्हा काका-पुतणी नाचली. मी पण हसले.

दोनचार दिवसांनी लेक म्हणाली, "आई, काकाच्या डब्याला हात लावला की मुंग्या येत्यात."

मी हात लावून बघितला. बोटाच्या टोकाला बारीक चावल्यासारखं झालं. "आधी हे बंद करा," मी भावजींना म्हणाले. ह्यांना सांगितलं, तर हे म्हणाले कॉम्प्युटरच्या पेटीला असं होतंच, ऑफिसात पण होतं. मामांना, म्हणजे सासऱ्यांना, सांगितलं, तर ते म्हणाले, "त्याला कळतंय त्यातलं, शिकलेला हाय त्यो." कुणी नाही म्हणायला तयार नव्हतं. भावजी मात्र ऐकणारे. त्यांनी लगेच त्या व्हिडिओखाली विचारलं, डब्याला झटका लागतो, काय करू? उत्तर आलं: सांगाड्याला अर्थिंग दे.

आता लांब कुठल्या तरी शहरात बसलेल्या त्या माणसाच्या घरात जमिनीत जे पुरलेलं असेल, ते अपघात झालाच तर वीज गिळून टाकायला. एरवी त्यात काही वाहत नसतं. आमच्या मागच्या अंगणात जो पुरला होता त्यातून दिवसभर घरातली सगळी वीज वाहत होती. हे त्याला माहीत असायचं कारण नव्हतं. त्यानं विचारलं नाही आणि भावजींनी सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे हेच आमच्या घरात कुणाला वाटत नव्हतं. भावजींनी खिडकीतून एक हिरवी वायर बाहेर काढली, भिंतीकडेनं मागं नेली आणि रॉडला घट्ट पिळली. दुसरं टोक सांगाड्याला.

मुंग्या थांबल्या. मी दोन्ही हात लावून बघितले, काही नाही. "बघा वैनी, उगीच घाबरत व्हता," ते म्हणाले, आणि मला बरं वाटलं.

त्या साली उन्हाळा लवकर तापला. विहिरीचं पाणी तळाला गेलं आणि धुण्याचं पाणीसुद्धा मापात आलं. कूलर दुपारभर चालायचा. म्हैस रॉडच्या बाजूला जाईना. एरवी धुण्याच्या पाण्यानं तिथं चिखल व्हायचा आणि ती त्यात आनंदानं बसायची. आता दावं धरून ओढली तरी पाय रोवून उभी राहायची, नाकपुड्या फुगवायची. मामा म्हणाले, साप असंल. काठीनं सगळं उकरून बघितलं, साप नव्हता. मी तिला लिंबाखाली बांधायला लागले. मनात मात्र ते राहिलं. जनावर उगाच जागा सोडत नाही.

मग एका दुपारी लेक परत म्हणाली, मुंग्या आल्या. मी हात लावला, काही नव्हतं. संध्याकाळी, पाणी घालून झाल्यावर, लावला होता. दुपारी कूलर चालू असताना आणि माती तापलेली असताना लावला असता तर कळलं असतं, हे मला आता कळतं. तिला मी दम दिला: काकानं बटण दाबायचं, तू नाही. भावजींनाही सांगितलं. म्हणाले, "वैनी, अर्थिंग दिलंय. आता काय होत न्हाय." तरी माझा जीव त्या फळीत अडकलेला असायचा. भाकरी थापतानाही कान तिकडं. पंखा गुरगुरला की मी दारात येऊन बघायची, लेकीचा हात कुठं आहे.

अणदूरला माझं माहेर. भावाच्या मुलाचं जावळ खंडोबापुढं काढायचं ठरलं आणि मला दोन दिवसांसाठी जायचं होतं. लेक येईना. काकाबरोबर कसली तरी शर्यत राहिली होती. रडली, खांबाला मिठी मारून बसली. भावजी म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की, म्या बघतो तिला." एरवी मी राहू दिलं असतं. त्या दिवशी मी तिला ओढत एसटीत घातलं. निघताना मामांना सांगितलं, "मामा, रॉडला तेवढं पाणी घाला." ते व्हय म्हणाले. ह्यांनाही सांगितलं. हे पण हो म्हणाले. एसटी सुटली तेव्हा मला इतकं हलकं वाटलं की मी लेकीला शेंगदाण्याचा लाडू काढून दिला. मला वाटलं, माझं जे राखायचं होतं ते माझ्या मांडीवर आहे.

अणदूरला जावळ झालं, भंडारा उधळला, जेवणाची पंगत बसली. दुसऱ्या दिवशी दुपारी भावाचा फोन वाजला. तो बोलता बोलता उठून बाहेर गेला आणि परत आला तेव्हा माझ्याकडं बघेना.

पुढचं मला ह्यांच्याकडून आणि मामांकडून कळलं, तेही तुकड्या-तुकड्यांनी. मामांना वाटलं थोरला पोरगा घालंल पाणी. ह्यांना वाटलं मामा घालतील. भावजींना कुणी सांगितलंच नव्हतं. आणि बादलीचं एक सोडा, मी नाही म्हणून दोन दिवस घरात धुणंही निघालं नाही. ती जागा ओली राहायची ती खरी माझ्या बादलीनं नव्हे, धुण्याच्या पाण्यानं. ते दोन दिवस त्या दगडावर एक थेंब पडला नाही. दुपारी कूलर रेंगाळायला लागला, तेव्हा भावजींना वाटलं आतलं पाणी संपलं. त्यांनी कूलर भरला, थोडं पाणी फरशीवर सांडलं. मग टीव्हीसुद्धा लुकलुकला. वायर सैल झाली असेल म्हणून ते ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहिले आणि सांगाड्याला लावलेली हिरवी वायर पिळायला त्यांनी हात घातला. ज्या विजेला जमिनीत जायला वाट उरली नव्हती, तिला ती त्या वायरीतून, त्यांच्या अंगावाटे मिळाली.

भूमच्या दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं.

मी पोचले तेव्हा फळीवर तो सांगाडा तसाच होता. कुणीतरी मेन स्विच पाडून ठेवला होता. मी मागच्या अंगणात गेले आणि ती माती हातात घेतली. पिठासारखी कोरडी होती. मला खूप राग आला, अजून येतो. कुणाचा ते नीट सांगता येत नाही. मामांनी त्यानंतर माझ्याशी डोळ्याला डोळा भिडवून बोलणं सोडलं. हे म्हणतात नशीब. त्या व्हिडिओतल्या माणसाला तर काही झालंय हेच माहीत नाही; तो जबाबदारी पहिल्याच वाक्यात आमच्या पदरात टाकून मोकळा झाला होता. ती आमच्या घरात आली आणि कुणीच उचलली नाही. मी मुलीला राखत होते आणि ज्याचा डबा मी इतकी वर्षं भरला तो माझ्या नजरेतून सुटला.

महिना सरायच्या आत तुटलेली तार जोडली गेली. हे सगळं व्हायच्या आधी ती का जोडता आली नाही, हे विचारायचं त्राण कुणात नव्हतं. रॉड मी स्वतः पहारीनं उपटला.

भावजींचा मोबाईल माझ्याकडं आहे. लेकीला त्याचं कुलूप उघडता येतं. तिला त्यातले फोटो बघायचे असतात, म्हणून मी तो चार्ज करून ठेवते. एकदा बघता बघता तिनं तोच व्हिडिओ उघडला आणि म्हणाली, "आई, काकानं लिवलंय बघ." त्या हातवाल्याच्या उत्तराखाली भावजींनी लिहिलं होतं: काम झालं भाऊ, मुंग्या बंद झाल्या, लई धन्यवाद. त्यावर कितीतरी लोकांनी अंगठे दिले होते. आणि त्याखाली कुणीतरी विचारलं होतं: दादा, आमच्या पण डब्याला झटका बसतो. आमचं घर शेतात आहे. रॉड आहे मागं. असंच करू का?

ते विचारून आठवडे झाले होते. त्यानं हातवाल्याला नाही, भावजींना विचारलं होतं, कारण भावजींचं काम झालं होतं.

भावजींचं ते लिहिलेलं पुसून टाकावं असं पहिल्यांदा मनात आलं. पण ते पुसलं तर त्याच्या खालचं सगळंच जाईल, असं लेक म्हणाली, त्याचा प्रश्नसुद्धा. मग तो कुठला आणि कोण, कधीच कळलं नसतं. म्हणून मी भावजींच्याच नावानं खाली लिहिलं. मोबाईलवर मराठी लिहायची सवय नाही, वेळ लागला. "करू नका. जोडलं असेल तर मेन स्विच पाडून आधी ती वायर काढा. माझ्या दिरानं हेच केलं होतं. ते गेले."

रोज एकदा मी उघडून बघते. त्याचं काहीच आलेलं नाही. दगडावर धुणं घेऊन बसले की मला त्याच्या घरच्या बाईची आठवण येते, जिला मी कधी बघितलं नाही. ती तरी दोन दिवस माहेरी गेली नसेल, असं मी मनात म्हणत राहते.