सरकलेली गादी आणि सासूबाईंचा पाय

माझ्या मणक्यातली गादी पाण्याचं पिंप हलवताना सरकली. भाईंदरला पाणी आपल्या मर्जीने यायचं, त्यामुळे आमचं पिंप अवाढव्य होतं. ते तसूभर हललं नाही. मी मात्र वाकलो तो वाकलोच!

डॉक्टर म्हणाले, "फळीवर झोपून राहा. पायाला वजन लटकवून ट्रॅक्शन घ्या. नाहीच उतरलं, तर ऑपरेशन."

ऑपरेशन म्हणताच मला घाम फुटला. (मी साध्या इंजेक्शनलाही बायकोचा हात धरतो.)

पिशवीत विटा भरून पायाला लटकवल्या, तरी कळ थांबेना. शेवटी बायको, सुनंदा, म्हणाली, "पायाळू माणसाने कमरेला पाय लावला की उसण पळते. आपली आई पायाळूच आहे की!"

पायाळू म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेलं माणूस. मी विज्ञानाचा पदवीधर. म्हणालो, "बोलाव लवकर."

सासूबाई परळहून आल्या आणि माझ्यापाशी येऊन अडल्या.

"जावयाला पाय कसा लावू गं? पाप लागेल मला!"

"आई, त्यांचं ऑपरेशन टळेल!"

मला हॉलमध्ये पालथं घातलं. सासूबाईंनी आधी मला वाकून नमस्कार केला, "माफी असावी हं, जावईबापू" म्हणाल्या, आणि माशी बसावी तसा पाय टेकवला.

"लागला का?"

"छे! नीट मारा!"

दुसरा जरा बरा होता. पण माझ्या डोळ्यांपुढे ऑपरेशनचं टेबल! "अजून जोरात! मारा हो, मारा!"

तिसरा बसला. माझी किंकाळी जिन्यात पोचली. दार उघडंच होतं (आमच्या बिल्डिंगमध्ये दिवसा दार लावलं की लोकांना संशय यायचा). शेजारच्या जिग्नाबेन धावत आल्या आणि त्यांच्यामागे सगळा मजला.

"अरे बाप रे! मांजी, जमाई को लात मारती हो?"

सासूबाई तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात पळाल्या. सुनंदा खुलासा करू लागली, पण तिचं हिंदी भाजीवाल्यापुरतं. "वो क्या है, इनको जरूरत थी," एवढंच तिला जमलं.

पुढे विटांनीच गुण आला आणि ऑपरेशन टळलं. मी पहिल्यांदा खाली उतरलो, तोवर सासूने जावयाला लाथ घातल्याची बातमी पार पलीकडच्या मोरवा गावापर्यंत गेली होती. ओळखीतला प्रत्येक जण थांबून तब्येत विचारत होता.

लाथ का घातली, हे मात्र एकानेही विचारलं नाही!