घरभेटीच्या दिवशीचं मटण

"आमाला न्हाय लागत कुणाचं!" असं म्हणताना तो हात असा झटकायचा, की समोरच्याचा चहा सांडावा. या शेजाऱ्याशी माझं एक दिवसही पटलं नाही. गाडी माझ्या दारात लावायचा, वर मलाच ऐकवायचा, "काकू, दार तुमचं हाय, रस्ता न्हाय." अशी माणसं तुमच्याही गल्लीत असतील, बघा.

उद्यमनगरात त्याचं लेथ मशीन होतं. कामं आटली, मशीन विकलं, आणि तो दुसऱ्याच्या शेडात रोजावर जाऊ लागला. गल्लीत मात्र "मशीन दुरुस्तीला दिलंय." मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. घरची परिस्थिती बदलली, फी कमी करा, असा अर्ज तिनं कॉलेजात दिला. नाही झाली तर शिक्षण सुटणार होतं. खरंखोटं बघायला कॉलेजचे दोन सर घरी येणार होते.

आणि या शहाण्यानं काय करावं? सर येणार म्हणून मटण आणलं! इस्त्रीचा शर्ट, बोटात अंगठी. आमची भिंतीला भिंत. सगळं ऐकू येत होतं.

"घ्या सर, लाजू नगा. आमच्यात पावणा उपाशी जात न्हाय."

"धंदा कसा चाललाय?"

"एकदम झ्याक!"

"बाबा..." मुलगी म्हणाली.

"तू गप. वाढ सरांस्नी."

मला राहवेना. तशीच आत शिरले. "सर, खोटं बोलतोय हा. लेथ विकलंय ह्यानं. दोन महिन्यांत आज पहिल्यांदा ह्या घरात मटण शिजलंय. फोडणीचा वास मला भिंतीपलीकडं कळतो."

तो ताडकन उठला. "ए म्हातारे, भाईर हो! सर, ह्या बाईला मी वळखत न्हाय."

"नको वळखू. पोरीनं अर्जात काय लिहिलंय ते तरी वाचलास का?"

सरांचा घास हातातच राहिला. मुलगी रडत आत गेली आणि लेथच्या विक्रीचा कागद आणून ताटाशेजारी ठेवला. बापाकडं बघितलंसुद्धा नाही.

फी निम्म्यावर आली. तो माझ्याशी पुन्हा बोलला नाही. रोज सकाळी माझ्या दाराकडं बघून थुंकायचा. मीही सड्याचं पाणी नेमकं त्याच्या चपलांवर मारायची. माघार कोण घेतंय!

गेल्या उन्हाळ्यात स्वस्त भाड्याची खोली बघून ती मंडळी जयसिंगपूरला गेली. पोरगी तिथनं एसटीनं कॉलेजला येणार होती. सामान भरून झाल्यावर ती माझ्या पाया पडायला आली आणि बोलत बसली. टेंपोवाल्यानं हॉर्नवर हॉर्न मारले.

"वाजवू नगंस रं!" हा त्याच्यावर खेकसला. "येऊ दे तिला सावकाश."

आणि माझ्या दाराकडं पाठ करून भर उन्हात उभा राहिला.